तिसरं घर

खेकड्यांचं पातेलं चुलीवर चढलं की स्टॅशला कोणी काही विचारायचं नाही, हा पिओन्टेकांच्या घरातला जुना कायदा होता. खाली बिअर आणि व्हिनेगर, वर खेकड्यांचे थर, प्रत्येक थरावर मूठ मूठ लाल मसाला, आणि झाकण उडू नये म्हणून वर वीट. त्या वासानं बोळातली मांजरं कुंपणावर येऊन बसली होती. आज स्टॅशच्या आईचा, म्हणजे ब्रोन्याचा, नावाचा दिवस, म्हणजे जिच्यावरून तिचं नाव ठेवलं त्या संतिणीचा सण. या घरात वाढदिवस विसरला तर चालायचं, पण नावाचा दिवस विसरला की वर्षभर टोमणे ऐकावे लागत. शिवाय तो यायचा सप्टेंबरच्या सुरुवातीला, जेव्हा खाडीतले खेकडे सगळ्यांत भरलेले असतात. आपल्या संतिणीनं दिवस बघून निवडला, असं ब्रोन्या दर वर्षी म्हणायची.

बाल्टिमोरच्या त्या लांबलचक चाळवजा रांगेत प्रत्येक घराला मागे काँक्रीटचा एक चौकोन असतो, त्याला सगळे अंगण म्हणतात. तिथं दोन मेजं जोडून ब्रोन्या वर्तमानपत्रं अंथरत होती. मेजाभोवती माणसं किती बसणार याचा तिचा हिशेब आणि तिच्या मुलीचा, क्लाराचा, हिशेब जुळत नव्हता.

"आई, चौघंच आहोत आपण. एवढे कागद कशाला?"

"कागद फुकट आहेत," ब्रोन्या म्हणाली आणि अंथरत राहिली.

तेवढ्यात लेनी आला. क्लाराचा मुलगा, सत्ताविशीतला, नवा वकील. टाय खिशात कोंबलेला आणि चेहरा असा की लग्न ठरलंय की काय असं वाटावं. आल्या आल्या त्यानं आजीचा गालगुच्चा घेतला आणि जाहीर केलं, "बाब्चा, तुझ्या नावाच्या दिवसाची भेट आणलीय. सोमवारची केस आपण जिंकली समज."

क्लारानं हातातला सुरा खाली ठेवला. गेली दोन वर्षं या केसनं तिची झोप उडवली होती. तिच्या वडिलांनी, ल्युडविकनं, मागे दोन घरं ठेवली होती. एक हे, ज्यात ब्रोन्या राहायची, आणि दुसरं याच रस्त्याच्या कोपऱ्यावरचं, जे भाड्यानं द्यायचं. वीस वर्षांपूर्वी त्या कोपऱ्यावरच्या घरात लॉरेटा टिब्स राहायची. तिथंच तिचा कीऑन जन्मला, चार वर्षांचा होईपर्यंत वाढला, आणि तिथंच त्याच्या रक्तात शिसं सापडलं. जुन्या रंगाचं शिसं. आता कीऑन विशीचा होता. वाचताना अक्षरं त्याच्या डोळ्यांपुढून सटकायची, कामावर सांगितलेलं डोक्यात टिकायचं नाही, आणि राग यायचा तो कुठून यायचा ते त्यालाच कळायचं नाही. त्यानं घरमालकिणीवर दावा लावला होता. विमा कंपनीनं शिशाचं काही आमच्यात बसत नाही म्हणून हात झटकले होते. हरलं तर कोपऱ्यावरचं घर जाणार होतं, आणि क्लारानं त्या घराच्या जिवावर म्हातारपणी समुद्रकाठी दोन खोल्या घेण्याचं स्वप्न बघितलं होतं. पडदे कोणत्या रंगाचे हेसुद्धा ठरलं होतं.

"नीट सांग," ती म्हणाली.

लेनीनं नीट सांगितलं, जरा जास्तच नीट. पूर्वी म्हणे अशा केसमध्ये घरमालकाची शंभरी भरलेलीच असायची. घर जुनं आहे, पोर त्यात राहिलं, रक्तात शिसं आहे, संपलं. पण आता वारं फिरलं होतं. आता न्यायाधीश विचारतात, शिसं याच घरातून आलं हे कशावरून? पोर आणखी कुठं जात होतं? पाळणाघर, मावशी, आजी, शेजार? ती सगळी घरं एकेक करून बाद करून दाखवा, मग आमच्या अशिलाकडे बोट करा. एक जरी घर शिल्लक राहिलं तरी दाव्याचा पाया खचतो. त्याच्या ऑफिसात तर या खेळाला नावच होतं, तिसरं घर शोधणं, म्हणजे ना फिर्यादीचं ना आपल्या अशिलाचं, तिसऱ्याच कोणाचं तरी.

"आणि मला ते सापडलं," लेनी म्हणाला. "गुरुवारी. कीऑनच्या जबानीत."

स्टॅशनं पातेल्याकडे पाठ फिरवली. त्याच्या बाबतीत ही मोठी गोष्ट होती.

"आधी त्याच्या आईची जबानी घेतली होती. पैसे देऊन कोणाकडे ठेवायचीस का? नाही. नातेवाइकांकडे? नाही. मला वाटलं, संपलं. मग गुरुवारी कीऑन सहज बोलून गेला, आई दुपारच्या पाळीला जायची तेव्हा तो रोज दुसऱ्या घरी असायचा. याच रस्त्यावर. दुपारी बारापासून रात्रीपर्यंत. आता बोला. जागेपणीचा निम्मा वेळ पोरगं दुसऱ्याच घरात."

क्लारानं पोराला मिठी मारली. वर्षभर लोकांना सांगायला पुरेल एवढा अभिमान तिला त्या क्षणी झाला. लेनीच्या तेराव्या वर्षापर्यंत ती ॲरिझोनात नवऱ्याच्या गावी होती. नवऱ्याला आणि वाळवंटाला सोडून आली तेव्हा या पोराचं कसं होणार म्हणून ती रडली होती. आणि आज तो असा उभा होता.

"कोणाचं घर?" स्टॅशनं विचारलं.

"ते नाही विचारलं."

"का बरं?"

"मामा, वकिलीतला पहिला धडा. ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही तो प्रश्न विचारायचा नाही. मला दुसरं घर मिळालं, मी तिथंच थांबलो. घर कसं होतं एवढं मात्र विचारून घेतलं. म्हणजे तपासनीस पाठवून शोधता येईल."

"समोरचा वकील काही बोलला?"

"गप्प बसला होता. पेन फिरवत होता. खरं सांगू, हसत होता बिचारा. हरल्यावर माणूस असंच हसतो."

स्टॅश आयुष्यभर पत्ते खेळला होता, आणि समोरचा गडी हसायला लागला की आपले पत्ते पुन्हा बघावेत हे त्याला माहीत होतं. पण तो काही बोलला नाही. पुतण्याभाच्यांचा आनंद घालवणारा माणूस तो नव्हता.

"मग घर होतं कसं?" क्लारानं हौसेनं विचारलं.

"त्याला फक्त खिडकी आठवते. खिडकीच्या जाळीवर चित्र होतं. तुमच्या या रस्त्यावर असायची ना तशी, लाल छपराचं घर, तळं आणि हंस. पण या जाळीवर तीन हंस होते म्हणे. दोन जवळ जवळ, आणि तिसरा पाठ फिरवून रागावून बसलेला."

अंगणात फक्त पातेल्याचं झाकण खडखडत राहिलं.

पूर्व बाल्टिमोरमध्ये त्या काळी रस्त्याकडेच्या प्रत्येक खिडकीला रंगवलेली जाळी असायची. आतून बाहेरचं सगळं दिसायचं, बाहेरून बघणाऱ्याला फक्त लाल छप्पर आणि तळं. प्रत्येक तळ्यात दोन हंस. तिसरा हंस अख्ख्या शहरात एकाच खिडकीत होता. तो ल्युडविकनं स्वतःच्या हातानं काढला होता, आणि तो कोण असं कोणी विचारलं की तो हळूच सांगायचा, सासूबाई.

आधी स्टॅशला हसू फुटलं. त्यानं ते दाबायचा प्रयत्न केला, मग चिमटा खाली टाकून तो चुलीपाशी वाकूनच हसायला लागला. क्लारानं कपाळाला हात लावला. लेनी एकदा मामाकडे, एकदा आईकडे बघत राहिला. आपण जिंकलेली केस एवढी विनोदी कशी हे त्याला समजेना.

"लेनी," ब्रोन्या म्हणाली, "दोन वर्षं तू माझा वकील आहेस. आणि एकदाही मला काही विचारलं नाहीस."

हे खरंच होतं. तो दर वेळी क्लाराशी बोलायचा. आजीला कशाला त्रास, असं दोघांचं ठरलं होतं. ब्रोन्यासमोर कागद यायचे ते सही करायला.

"काय विचारायला हवं होतं?"

"ती जाळी तळघरात आहे. कोळशाच्या जुन्या खणामागे. जा, घेऊन ये."

*

तो जाळी घेऊन वर येईपर्यंत ब्रोन्या खुर्चीत बसली. तिच्या डोळ्यांपुढे ते पोरगं उभं होतं. लॉरेटा इस्पितळाच्या धुलाईखान्यात दुपारच्या पाळीला जायची, आणि कीऑन इथं, पुढच्या खोलीत, स्टुलावर चढून खिडकीशी. हनुवटी चौकटीवर टेकलेली. नवे दात यायला लागले तसा तो ती चौकट चावायचा, आणि ती हातात खारी बिस्किटं देऊन त्याला मागे ओढायची. मग बिस्किट चौकटीवर ठेवून तिथूनच चाटून खायचा. ती हसायची. क्लारा ॲरिझोनात, स्टॅश दिवसभर कामावर; त्या दुपारींमध्ये ती किती सुखात होती हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं.

आणि त्या चौकटीला ल्युडविकचा रंग. तो गोदीत जहाजं रंगवायचा. उरलेला रंग घरी यायचा, शेंदरी आणि पांढरा, जड, दाट. जो रंग समुद्रात टिकतो तो खिडकीवर टिकणार नाही होय, असं तो म्हणायचा. दर वसंतात ईस्टरच्या आधी शेजारणी दारापुढच्या पांढऱ्या पायऱ्या घासायला बसायच्या, आणि ल्युडविक दोन्ही घरांच्या खिडक्या रंगवायला. आधी जुने पोपडे कोरडेच खरवडायचा. धूळ उडायची. सगळ्या रस्त्यात आमच्या खिडक्या उठून दिसतात, याचा तिला केवढा तोरा होता. ल्युडविक गेल्यावर काही महिन्यांनी पोराच्या रक्ताचा निकाल आला आणि लॉरेटा घर सोडून गेली, तेव्हा ब्रोन्यानं दोन्ही घरांच्या खिडक्या बदलून घेतल्या. का बदलतेस असं कोणी विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही.

लेनीनं जाळी मेजाला टेकवून ठेवली. धूळ झटकली तसे तीन हंस वर आले. तिसऱ्याची पाठ खरोखरच रागावलेली होती.

"म्हणजे दोन्ही घरं आपलीच," लेनी म्हणाला. तो खुर्चीत बसला. "आणि सोमवारी मी ज्युरीपुढे उभा राहून सांगणार होतो की दोषी ते दुसरं घर आहे."

"तिसऱ्या घराचं सोडून दे," क्लारा म्हणाली. ती आता सावरली होती. "दुसरं पुष्कळ आहे. अंगणातली माती म्हण. शाळा म्हण. तूच सांगत होतास ना, आजकाल वकील आईच्या डोक्याचीही चाचणी मागतात. आईच मंद असेल तर पोराचं काय म्हणून."

"लॉरेटा मंद?" ब्रोन्या म्हणाली. "तुझ्या बापाच्या पेन्शनचे कागद कोणी भरले? तू ॲरिझोनात होतीस. चाचणीच घ्यायची तर आपल्यापासून सुरुवात करा."

क्लाराला रडू आलं. ती लोभी नव्हती. लोकांची तशी समजूत व्हायची, कारण ती भीती वाटली की पैशांबद्दल बोलायची. आता मात्र तिनं खरं ते सांगितलं.

"आई, तू कोर्टात काय सांगणार? पपांनी पोराला विष घातलं? ज्यांनी हाताला फोड येईपर्यंत तुझ्या खिडक्या रंगवल्या, त्यांच्याबद्दल?"

"त्याला ठाऊक नव्हतं," ब्रोन्या म्हणाली. "असतं तर त्यानं ती खिडकी दातांनी उपटली असती. ल्युडविकला मी तुझ्यापेक्षा जास्त ओळखते. पण मला ठाऊक आहे. मला ठाऊक असून मी गप्प बसले, तर ते त्याच्या नावावर नाही, माझ्या नावावर जाईल. आणि आज माझ्या नावाचा दिवस आहे."

स्टॅश आतापर्यंत या भांडणात बहिणीच्या बाजूनं होता, म्हणजे काही न बोलता बहिणीच्या बाजूनं. त्यानं हात पुसले आणि आईच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. "क्लारा, आपणही तीच चौकट चावली," तो म्हणाला. "मी तिसरीत दोनदा बसलो ते उगाच नाही."

"तू तिसरीत दोनदा बसलास कारण तू शाळेतच जात नव्हतास," क्लारा रडता रडता म्हणाली, आणि मग तिला स्वतःलाच हसू आलं.

"समुद्रकाठच्या खोल्यांचं काय होईल?" तिनं डोळे पुसत विचारलं, कोणाला असं नाही.

"इथं वरच्या खोलीतून बंदर दिसतं," ब्रोन्या म्हणाली. "मान जरा वाकडी करावी लागते."

मग तिनं घड्याळ बघितलं आणि सगळ्यांना सांगितलं की वर्तमानपत्रं जास्त अंथरली ती उगाच नाहीत, लॉरेटाला आणि कीऑनला तिनं चिठ्ठी पाठवून खेकडे खायला बोलावलंय.

लेनी ताडकन उठला. "बाब्चा, त्यांना वकील आहे. मी त्यांच्याशी एक शब्द बोलू शकत नाही. चुकून बोललो तर माझी सनद जाईल."

"तू नाही बोलू शकत. मी?"

"तू बोलू शकतेस. तू पक्षकार आहेस."

"मग तू बाहेर जा," ब्रोन्या म्हणाली.

मागचं फाटक वाजलं. लेनीनं एका हातात मेजावरचा उकडलेला मका, दुसऱ्या हातात खेकडे फोडायची लाकडी हातोडी घेतली आणि तो बाजूच्या दारानं बोळात पळाला. पोलीस मागे लागल्यासारखा त्याचा वेग होता.

*

लॉरेटानं पीच केक आणला होता. येताना बोळाच्या तोंडाशी ती दोनदा थांबली होती, आणि दोन्ही वेळा कीऑननं विचारलं होतं, आई, केक उन्हात वितळेल का? तेवढ्यासाठीच ती पुढे आली. दोन वर्षं तिनं या घरावरून जायचं टाळलं होतं. दावा लावायचा पोराचा हक्क होता याबद्दल तिला शंका नव्हती. पोराला रात्री पाठीवर थोपटत शब्द जुळवून दाखवणारी ती होती, सांगितलेलं काम दोन वेळा विसरून, पगार गमावून घरी आलेल्या पोराला जेवायला वाढणारीही तीच. पण मिस ब्रोन्याबद्दल राग धरायला तिला रोज नव्यानं सुरुवात करावी लागायची.

"मिस ब्रोन्या, तुम्हाला शुभेच्छा," ती म्हणाली, उभ्यानंच.

कीऑननं मात्र कोणाकडेच बघितलं नाही. तो सरळ जाळीकडे गेला आणि गुडघ्यांवर बसला. केवढा वाढला होता. पाठ दारात मावणार नाही अशी. त्यानं एक बोट तिसऱ्या हंसावर ठेवलं.

"हा अजून रागावलेलाच आहे," तो म्हणाला.

ब्रोन्याच्या डोळ्यांना धार लागली. तिनं ती पुसली नाही. लॉरेटाचा हात धरून तिला खुर्चीत बसवलं, आणि जे सांगायचं होतं ते सरळ सांगितलं. रंग ल्युडविकनं गोदीतून आणलेला. दोन्ही घरांना तोच. तू कामावर असताना माझ्याच डोळ्यांदेखत हा चौकट चाटायचा. सोमवारी मी तेच सांगणार, आणि माझ्या नातवालाही सांगणार, भांडायचं नाही. कोपऱ्यावरचं घर जाऊ दे.

"मला ठाऊक होतं," लॉरेटा म्हणाली. "मी वकिलाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी वाट बघत होते, तुमच्यापैकी कोणी मला विचारतंय का. दोन वर्षं झाली, मिस ब्रोन्या. तुम्ही कोणी फोनसुद्धा केला नाही."

"नाही केला," ब्रोन्या म्हणाली. "मला लाज वाटत होती."

लॉरेटानं केक मेजावर ठेवला. मग तिनं पर्स खुर्चीखाली ठेवली. पिओन्टेकांच्या घरी माणूस पर्स खाली ठेवतो तेव्हाच तो राहणार आहे हे कळतं, आणि स्टॅशनं ते बघितलं. त्यानं पातेलं उचलून मेजावर उपडं केलं. लाल, वाफाळते खेकडे वर्तमानपत्रभर घरंगळले, आणि क्लारानं सगळ्यांत मोठा उचलून कीऑनपुढे ठेवला. तो कसा फोडायचा ते आठवतं का, असं तिनं त्याला विचारलं. हातांना आठवतं, तो म्हणाला, डोक्यालाच आठवत नाही. आणि त्यानं एका झटक्यात कवच वेगळं केलं. क्लारा एवढी हसली की तिला ठसका लागला.

बोळात उलट्या बादलीवर बसून लेनी हे सगळं ऐकत होता. ऐकायचं नाही म्हणून त्यानं आधी कानात बोटं घातली होती, पण मग मका खाता येईना. त्याला वाईट वाटत होतं का? थोडं वाटत होतं. पहिली केस, आणि ती हरून संपणार. पण आतून एक विचित्र हलकेपणाही येत होता. कोणाच्या तरी तिसऱ्या घराकडे बोट दाखवायचं आता नव्हतं. उद्या समोरच्या वकिलाला फोन करायचा, तडजोड करायची. तो पुन्हा हसेल. हसू दे.

कुंपणावरून एक हात आला. मोठा, मसाल्यानं लाल झालेला. हातात दोन खेकडे होते. कीऑन काही बोलला नाही, कारण बोलायचं नाही हे त्याला सांगितलेलं होतं. लेनीही बोलला नाही. त्यानं खेकडे घेतले आणि हातोडीनं कुंपणावर दोनदा टकटक केलं. पलीकडूनही दोनदा टकटक झाली.

मग ब्रोन्याचं डोकं कुंपणावर दिसलं. ती स्टुलावर चढली होती, आणि खाली क्लारा तिचे पाय धरून ओरडत होती.

"लेनी, तो धडा पुन्हा सांग. वकिलीतला पहिला."

"ज्याचं उत्तर ठाऊक नाही तो प्रश्न विचारायचा नाही."

"आता ठाऊक आहे?"

"आता ठाऊक आहे."

"मग विचार मला. सोमवारी विचारशील तसा."

लेनी बादलीवरून उठला. हातातला खेकडा कुठं ठेवावा हे न सुचून तो तसाच धरून त्यानं विचारलं, "बाब्चा, तीन हंसांची खिडकी कोणाची होती?"

"आमची," ब्रोन्या म्हणाली. मेजापर्यंत जावं अशा मोठ्या आवाजात म्हणाली. "खिडकी आमची. रंग आमचा. आणि पोरगंही आमचंच."

लॉरेटानं खेकड्यावरची नजर वर न करता मसाल्याचा डबा ब्रोन्याच्या रिकाम्या खुर्चीपुढे सरकवला.

"अर्धं," ती म्हणाली. "अर्धं तुमचं."